कायमचा पत्ता

सरकारी अर्जात ‘कायमचा पत्ता’ नावाचा एक रकाना असतो. मी तेहतीस वर्षे मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत कारकुनी केली. तेवढ्या काळात असले अर्ज माझ्या टेबलावरून किती गेले ह्याची मोजदाद नाही. बहुतेक माणसे त्या रकान्यात ‘वरीलप्रमाणे’ एवढे लिहून मोकळी होत. गिरणगावातल्या खोलीत राहणारा कोणी असला तर तो जरा थांबे, पेन दाताखाली धरी आणि मग रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातले एखादे गाव लिही. जिथे आपण राहत नाही ते गाव कायमचे, ह्यात कोणालाही विचित्र वाटत नसे. मलाही वाटले नव्हते.

माझ्या नातीमुळे मात्र ह्या रकान्याकडे नीट पाहण्याची पाळी आली. ती माझ्या लेकीची लेक. राहते अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावी. २०१० साली, पहिलीची परीक्षा देऊन, आईबापांचे बोट धरून ती तिकडे गेली. नाव सांगत नाही. तिचे कागद अजून चालू आहेत, आणि ज्याचे कागद चालू आहेत त्याने छापील पानावर येऊ नये, एवढे शहाणपण नोकरीने मला दिले आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात ती एकवीस वर्षांची झाली. आपल्याकडे ह्या वयात मुलीच्या पदवीची, नोकरीची, आणि आम्हा म्हाताऱ्यांच्या मनात लग्नाचीही चौकशी सुरू होते. तिच्या घरी मात्र ह्या वाढदिवसाची धास्ती चार वर्षे आधीपासून घेतलेली होती. त्याचे कारण सांगायचे तर थोडे कायद्यात शिरावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांना हे पाठ आहे, पण इकडे राहिलेल्या आपल्यासारख्या आजीआजोबांना ते कोणी सांगत नाही.

आमचे जावई तिकडे संगणकाच्या नोकरीवर गेले ते ‘एच-१बी’ नावाच्या परवान्यावर. हा परवाना तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. कायम राहण्याचा अर्ज रांगेत असेल तर पुढेही वाढत राहतो. नोकरदाराची बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुले ह्यांना त्याच्या जोडीने ‘एच-४’ मिळतो. आगगाडीच्या भाषेत बोलायचे तर जावई इंजिन आणि बाकीचे डबे. इंजिनाची मुदत वाढली की डब्यांचीही वाढते. पण मूल एकवीस वर्षांचे झाले की कायदा त्या डब्याची कडी काढतो. मूल वाईट वागले म्हणून नव्हे, बापाची नोकरी गेली म्हणून नव्हे, केवळ वय झाले म्हणून. तोवर दुसरा कोणता तरी परवाना हाती पडला नाही, तर ज्या गावात लहानाचे मोठे झालो तिथून निघायचे.

“अहो, मग इतक्या वर्षांत ते ग्रीन कार्ड का नाही घेतलंत?” असे मी जावईबापूंना एकदा टेलिफोनवर विचारले होते. जणू काही ते वाण्याच्या दुकानात मिळते! जावई शांत स्वभावाचे. त्यांनी मला सगळे समजावून सांगितले.

अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार लोकांना कायम राहण्याची परवानगी देते. त्या आकड्यात बायकामुलेही मोजली जातात. आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला सात टक्क्यांहून अधिक वाटा सहसा मिळत नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या भारताची मर्यादा आणि आइसलँडची मर्यादा एकच. आइसलँडची सारी प्रजा आमच्या वसई-विरारच्या निम्म्यानेही भरणार नाही. मौज अशी की हा नियम भेदभाव घालवण्याच्या धडपडीतून आला. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वाला पात्रच नाही असे ठरवले होते. १९४६ साली ते दार किलकिले झाले, पण वर्षाला फक्त शंभर भारतीयांपुरते. पुढे १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि वंश व देश पाहून माणसे निवडण्याची जुनी रीत मोडली. सगळ्या देशांना सारखी मर्यादा हे त्या काळी न्यायाचे लक्षण होते. ज्या देशातून थोडी माणसे येतात त्यांना ते अजूनही न्यायाचेच आहे. आपल्याकडून मात्र माणसे एवढी गेली की त्या सारखेपणाची एक रांग होऊन बसली.

जावयांच्या अर्जाची तारीख ऑक्टोबर २०१५. ही तारीख म्हणजेच रांगेतला नंबर. सरकार दर महिन्याला एक पत्रक काढते, त्यात अमुक तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला असे लिहिलेले असते. २०२२ च्या सप्टेंबरात त्यांच्या वर्गातल्या भारतीयांची तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत आली. अवघे दहा महिने उरले. लेकीने फोनवर सांगितले तेव्हा तिचा आवाज मला लग्नाआधीच्या दिवसांसारखा वाटला. आणि ऑक्टोबरच्या पत्रकात तीच तारीख मागे गेली, एप्रिल २०१२ वर! रेशनच्या दुकानात रॉकेल संपल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला अडीच वर्षे मागे नेऊन उभे करतात, हे मी प्रथमच ऐकले. २०२५ सालीसुद्धा ती तारीख २०१३ मध्येच अडकलेली होती.

मुलांचे वय गोठवण्याचा एक कायदा २००२ साली झालेला आहे. त्यात अर्ज तपासण्यात सरकारने घेतलेले दिवस मुलाच्या वयातून वजा करतात. पण ही वजाबाकी रांग तुमच्यापर्यंत येऊन पोचल्यावरची. रांग पोचलीच नाही तर वजा कशातून करायचे? त्यातही वय मोजण्याची जी थोडी सवलतीची रीत २०२३ मध्ये आली होती, ती २०२५ च्या ऑगस्टात काढून घेतली.

अशी मुले तिकडे किती असतील? त्यांच्यापैकीच एक, दीप पटेल नावाच्या तरुणाने, ‘इम्प्रूव्ह द ड्रीम’ ही संघटना काढली आहे. तिच्या अंदाजाने दोन लाखांहून अधिक. त्यांतली बरीचशी भारतीय, आणि मराठी घरांतलीही पुष्कळ असणार. कारण जिथे संगणकाची नोकरी तिथे आपली माणसे, आणि जिथे आपली माणसे तिथे गणपती नि रविवारची मराठी शाळा. ह्या मुलांसाठी डेबोरा रॉस ह्या प्रतिनिधी बाईंनी २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही.

ह्या ठिकाणी एका दुसऱ्या मुलीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून आमच्या नातीची गोष्ट अर्धी राहते. नातीच्या शाळेत एक तरुण शिक्षिका होती. ती पाच वर्षांची असताना तिचे आईबाप मेक्सिकोतून कसलेही कागद नसताना अमेरिकेत आले. अशा मुलांसाठी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी १५ जून २०१२ रोजी एक सवलत जाहीर केली. सोळाव्या वर्षाच्या आत आलेल्या, २००७ पासून तिथेच राहिलेल्या, शिकलेल्या मुलांना दोन-दोन वर्षे हाकलायचे नाही आणि नोकरी करू द्यायची, अशी ती सवलत. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डाका’ म्हणतात. आमच्या मराठी कानाला तो शब्द दरोड्याचा वाटतो; पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलोच.

ह्या बाईंना दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत संपण्याआधी चार-पाच महिने अर्ज टाकायचा. २०२४ पासून ऑनलाइन अर्जाची फी ५५५ डॉलर. नवे कार्ड येईतो जुने संपले तर शाळेने दुसऱ्या दिवशी वर्गात उभे करायचे नाही. २०१७ साली सरकारने ही सवलतच मोडायला घेतली. २०२० च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रीतसर मोडली नाही म्हणून वाचवली. २०२१ च्या जुलैत टेक्सासमधल्या न्यायालयाने नवे अर्ज मंजूर करायला मनाई केली. तेव्हापासून जुन्यांचे नूतनीकरण तेवढे चालू राहिले. २०२५ च्या सुरुवातीला अशी सव्वापाच लाखांच्या आसपास माणसे होती. पाच वर्षांची आलेली पोर, आता बाई झाली, तरी दर दोन वर्षांनी ती पुन्हा दारात उभी!

आमच्या नातीला हा ‘डाका’ लागू नाही. कारण काय, तर १५ जून २०१२ रोजी तिच्यापाशी कायदेशीर कागद होते. त्या दिवशी कागद नसणे ही सवलतीची अट होती. म्हणजे बिनकागदाच्या मुलीला नोकरी करता येते आणि फायली भरून कागद असलेल्या मुलीला उन्हाळ्याच्या सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात उभे राहण्याचीही बंदी. मी हे जरा तावातावाने बोललो, तेव्हा नातीने मला अडवले.

“आबा, असं नका म्हणू. त्यांच्याकडे दारावर थाप पडली की सगळे गप्प बसतात. आमच्याकडे फक्त पत्र यायची भीती.”

मी पुढे बोललो नाही.

एकवीस पूर्ण होण्याआधी नातीने जो मार्ग धरला तो बहुतेक मुले धरतात. ती विद्यापीठात जीवशास्त्र शिकत होतीच; तिने ‘एच-४’ सोडून ‘एफ-१’ हा परदेशी विद्यार्थ्याचा परवाना मागितला आणि तिकडच्या तिकडे तो मिळालाही. ज्या शाळेत ती पहिलीपासून राष्ट्रगीत म्हणत आली, तिच्या पलीकडच्या रस्त्यावरच्या विद्यापीठात ती एके दिवशी परदेशी विद्यार्थिनी झाली. अशा बदलाबरोबर कित्येक ठिकाणी फीही परदेशी माणसाची होते. एक गोष्ट मात्र चांगली झाली. ह्या परवान्यावर विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तास काम करता येते. ती ग्रंथालयात पुस्तके लावू लागली. तिच्या आयुष्यातला तो पहिला पगार. त्यातून तिने मला एक स्वेटर पाठवला. चिंचोटीत स्वेटर घालण्याचे दिवस वर्षात जेमतेम पंधरा, पण ते पंधराही दिवस मी तो अंगातून काढला नाही.

आता खरी अडचण. परवाना मिळाला तो तिथे राहण्याचा. पासपोर्टवर चिकटवतात तो व्हिसा निराळा. त्याचे नाटकगृहासारखे आहे: व्हिसा हे दारावर दाखवायचे तिकीट, आणि आत किती वेळ बसायचे ह्याची चिठ्ठी वेगळी. आत बसलेल्याचे तिकीट जुने झाले तरी कोणी उठवत नाही. पण एकदा का माणूस बाहेर पाय मोकळे करायला गेला, की नवे तिकीट काढल्यावाचून आत घेत नाहीत, आणि ते तिकीट मिळते देशाबाहेरच्या अमेरिकन वकिलातीत. म्हणून पुष्कळ मुले बाहेर पडतच नाहीत. वर्षानुवर्षे आजोळ पाहत नाहीत. आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला तिकडे गेल्या. आगबोटीने गेल्या, फार हाल सोसले, परंतु हा तिकिटाचा घोर त्या काळी नव्हता.

हा घोर काय असतो ते आमच्या घराने २०२१ मध्ये पाहिले. त्या वर्षी ४ मे पासून भारतातून येणाऱ्यांना अमेरिकेने दार बंद केले. नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना त्यातून सूट होती. नुसत्या परवान्यावरच्या माणसांना सहसा नव्हती. आमच्या सौ. त्याच महिन्यात करोनाने गेल्या. लेक आली असती, पण गेली केव्हा असती? नोकरी तिकडे, मुले तिकडे, धाकट्याचे वय नऊ. मीच तिला “येऊ नकोस” म्हणून सांगितले. दार उघडले ते नोव्हेंबरात. तेव्हा तिच्या आईला जाऊन सहा महिने झाले होते.

म्हणून २०२४ च्या डिसेंबरात नात म्हणाली की मी चिंचोटीला येणार, तेव्हा तिच्या वकिलाने, बापाने आणि मीही “पदवी होईपर्यंत थांब” असेच सांगितले. व्हिसा नाकारला गेला तर शिक्षण अर्धे, सामान तिकडे, आईबाप तिकडे, आणि ती इथे. ती सगळ्यांचे ऐकून घेऊन म्हणाली, “२०१७ नंतर मी आलेले नाही. आजी गेली तेव्हा मी खिडकीत बसून होते. आता तुम्हालाही खिडकीतूनच बघायचं का?” ह्याला उत्तर कोण देणार? तिने तिकीट काढले.

ती आली आणि घरात कागदांची दिवाळी सुरू झाली. विद्यार्थ्याच्या व्हिसाला कायद्याची अट अशी, की मायदेशी त्याचे घर असले पाहिजे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे. आता पाहा: चौदा वर्षे एडिसनमध्ये वाढलेल्या मुलीने अधिकाऱ्याला पटवायचे, की माझे घर एडिसन नव्हे. आईबाप, भाऊ, मैत्रिणी, ग्रंथालय, सगळे तिथे, आणि घर? घर चिंचोटीला, आबांपाशी.

मग त्या घराचे पुरावे. सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, विजेचे बिल. ह्या बाबतीत मी कोणाला हार जाणार नाही. १९७८ पासूनच्या पावत्या माझ्यापाशी वर्षवारीने लावलेल्या आहेत. तिने त्या पाहिल्या आणि गोंधळली. जुन्या कागदांवर जिल्हा ठाणे, नव्यांवर पालघर.

“आबा, तुम्ही मध्ये शिफ्ट झालात?”

“आम्ही नाही गं, जिल्हा शिफ्ट झाला.”

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि आम्ही खाटेवर झोपलेले तसेच नव्या जिल्ह्यात गेलो. त्याआधी २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली होती. माझा स्वतःचा जन्म १९५३ चा, तेव्हा महाराष्ट्र राज्यही नव्हते. एवढ्या सरहद्दी माझ्या डोक्यावरून गेल्या, पण मला कोणी अर्ज भरायला लावला नाही. ती हसली आणि म्हणाली, “तुमचं लक आहे, आबा.”

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ह्या सुमारास एक तोड सुचवली. ते म्हणाले, “घर तुमच्या नावाचं. त्याचा मुलीशी संबंध काय? तिच्या नावे बक्षीसपत्र करून टाका. मालमत्ता दिसली की साहेब खूश.” मी विचारात पडलो. नायगावला माझा मुलगा राहतो, म्हणजे नातीचा मामा. त्याला बोलावून विचारले. त्याच्याही संसाराला ह्या घराचा आधार आहे. इथून अहमदाबादचा हमरस्ता जवळ, जागेचे भाव कुठल्या कुठे गेलेले. तो थोडा वेळ अंगणात फेऱ्या घालून आला आणि म्हणाला, “करा, बाबा. पोरीचं अडत असेल तर करा. माझी सही घ्या.” त्याचा चेहरा मी पाहिला होता. सही देणारा माणूस आणि आनंदाने सही देणारा माणूस ह्यांतला फरक तेहतीस वर्षे टेबलावर बसलेल्याला कळतो.

नात आत भाकरी करायला शिकत होती. पिठाच्या हाताने बाहेर आली.

“नको. कागद दाखवायला घर घ्यायचं, आणि मग मी इथे राहिलेच नाही तर? मामाला काय सांगू? आणि साहेबाने विचारलं, हे तुला कधी मिळालं, तर मागच्या आठवड्यात म्हणू?”

बक्षीसपत्राचा विषय तिथे संपला. मला बरे वाटले हे लपवत नाही.

पण त्याहून अवघड प्रश्न तिचा तिलाच पडला होता. एका रात्री ओटीवर बसून ती मला म्हणाली, “आबा, तिथे विचारणार की शिकून झाल्यावर परत जाणार का. मी हो म्हटलं तर ते खरं आहे का?”

मी जन्मात खोट्या प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारला नाही. तिला ‘दे ठोकून’ असे सांगणे माझ्याच्याने होईना. तिच्या वकिलाने ह्या बाबतीत तिला जे सांगितले होते ते मला पटले. त्यांचे म्हणणे असे, की अधिकारी पाहतो तो आजचा इरादा. आज मनात परतायचे असेल तर तसे सांगावे. पुढे रीतसर अर्ज करून दुसरा परवाना मिळाला तर तो गुन्हा नव्हे. मी तिला एवढेच विचारले, “कुठलाच परवाना मिळाला नाही, तर लपूनछपून तिथे राहशील?”

“नाही. तसं नाही राहणार. इथे येईन.”

“मग तेवढं तर खरं आहे ना?”

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “इथे मला कोणी ओळखत नाही, आबा. रिक्षावाला मला इंग्लिशमध्ये भाडं सांगतो.” हे तिचे खरे दुःख. मराठी ती उत्तम बोलते, पण ‘ळ’ तिच्या जिभेवर वळत नाही आणि लाज वाटली की ती इंग्रजीत शिरते. दुसऱ्या दिवशी मी तिला तुंगारेश्वरला नेले. धबधब्याकडेही तिला जायचे होते. डिसेंबरात त्याला पाणी ते कितीसे? लहानपणी पाहिलेला धबधबा एवढासा कसा झाला, म्हणून ती चक्रावली. ट्रंकेत तिचे पहिलीचे प्रगतिपुस्तक सापडले, गणितात ‘उत्तम’, हस्ताक्षरात ‘सुधारणा आवश्यक’. ते तिने मुलाखतीच्या फायलीत घातले. हा काही पुरावा नव्हे असे मी म्हणालो. तिने ऐकले नाही.

मुलाखत जानेवारी २०२५ मध्ये, वांद्रे-कुर्ला संकुलात. आधी एक दिवस बोटांचे ठसे, मग दुसऱ्या दिवशी साहेबांची भेट. लेक आणि जावई २०१० साली मुलाखतीला गेले होते तेव्हा वकिलात ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात होती. २०११ च्या नोव्हेंबरात ती ह्या नव्या जागी आली. आम्ही पहाटे चारला निघालो. चिंचोटी फाट्यावर मालमोटारींची रांग, वर्सोव्याच्या पुलावर आणखी एक. आत फोन नेऊ देत नाहीत आणि सोबतच्या माणसालाही नाही. तिचा फोन माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवून मी बाहेर रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. माझ्यासारखे दुसरे पुष्कळ होते. कोणाच्या हातात पोराची बॅग, कोणाच्या हातात पाण्याची बाटली. एक बाई सारखी ‘रामरक्षा’ म्हणत होत्या. त्यांचा मुलगा पहिल्यांदाच परदेशी निघाला होता. “तुमची नात जाणार की आलेली?” त्यांनी विचारले. मला नेमके उत्तर देता येईना. “दोन्ही,” म्हणालो.

पावणेदोन तासांनी ती बाहेर आली. मुलाखत तीन मिनिटांची झाली असेल, असे तिने सांगितले. काय शिकतेस, पैसे कोण देते, आणि मागच्या सात वर्षांत भारतात का आली नाहीस? सातबारा, पावत्या, प्रगतिपुस्तक, कशालाही कोणी हात लावला नाही.

“सात वर्षांचं काय सांगितलंस?”

“सांगितलं की परत आत येता येईल की नाही याची भीती होती. या वेळी आजोबांना बघायचं म्हणून भीती बाजूला ठेवली. तो म्हणाला, ओके. आणि पासपोर्ट ठेवून घेतला.”

पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मंजूर, हे मला ठाऊक नव्हते. तो परत दिला असता तर नाकारला असता. उलटेच शास्त्र! आम्ही तिथेच रस्त्यावर चहा घेतला. तिने दोन वडापाव खाल्ले, आणि गाडीत बसल्याबरोबर झोपली ती घोडबंदरपर्यंत.

काही दिवसांनी पासपोर्ट आला आणि ती गेली. हे सारे योग्य वेळी घडले म्हणायचे. २०२५ च्या मे अखेरीस विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणेच तीन आठवडे थांबले होते, आणि जूनमध्ये पुन्हा सुरू झाले ते समाजमाध्यमांवरची खाती उघडी ठेवण्याच्या अटीवर. तिच्या मागून येणाऱ्या मुलांची गाठ ह्या सगळ्याशी आहे.

तिच्या पुढ्यात अजून बरेच आहे. पदवीनंतर वर्षभर, आणि विज्ञान विषय असल्यामुळे आणखी दोन वर्षे, नोकरी करता येते. त्या मुदतीत बापाप्रमाणे स्वतःचा ‘एच-१बी’ मिळवायचा. २०२५ पर्यंत तरी तो कर्तबगारीवर नव्हे, सोडतीवर मिळे. आपल्या म्हाडाच्या घरांसारखा. २०२५ च्या मार्चमधल्या सोडतीत पंच्याऐंशी हजार जागांना सुमारे साडेतीन लाख नावे होती. विरार-बोळिंजच्या घरासाठी आमच्या शेजाऱ्यांनी नशीब अजमावले, तेव्हा निदान नाव न निघाल्यास राहते घर सोडा, असे त्यांना कोणी म्हणाले नव्हते.

त्या घरात ज्याला कसलाच घोर नाही असा एकच माणूस आहे, तो म्हणजे धाकटा नातू. तो २०१२ च्या फेब्रुवारीत एडिसनलाच जन्मला, तेव्हा जन्माने अमेरिकन. एकाच ताटात जेवणारी दोन भावंडे. एकाला कधीच कोणी काही विचारणार नाही, आणि दुसरीने दर दोन-तीन वर्षांनी उत्तर देत राहायचे. त्याला हे अलीकडे उमगले. एका रविवारी त्याने मला फोन केला.

“आबा, मी एकवीस झालो की ताईसाठी मी अर्ज करणार. सिटिझनला बहिणीसाठी अर्ज करता येतो. मी वाचलं.”

वाचलेले बरोबर होते. मी कॅलेंडर उलटे करून कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. तो एकवीस होणार २०३३ मध्ये. भावाबहिणींची रांग निराळी, आणि तीही मोठी. २०२५ मध्ये त्या रांगेत भारतीयांच्या २००६ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. म्हणजे एकोणीस वर्षे. रांग वाढली नाही असे धरले तरी २०५२. ताई तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची, आणि मी नव्व्याण्णव.

“आबा? करू ना?”

“कर, बाळ,” मी म्हणालो. “पण आधी आठवीचं वर्ष नीट पार पाड.”